विकलेल्या घरासमोरून रोज जायचंय

काल रात्री साडेदहाला तुझा फोन आला तेव्हा मी ओटा आवरत होते. तू रडली नाहीस, पण आवाजावरून कळतं गं. "ताई, परीक्षा पास झाले, महारेराचा नंबर आला, कार्डं छापली, आणि तीन महिन्यांत एक टोकनसुद्धा नाही. या लाइनमध्ये यायलाच नको होतं का मी?" तेव्हा एवढंच म्हटलं, झोप आता. फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखं ते नव्हतं. आज मुलांचे डबे गेल्यावर निवांत लिहायला बसलेय. तूही चहा घेऊन बस.

आधी तुझ्या मनातली भीती काढते. तीन महिने कोरडे गेले यात तुझं काही चुकलेलं नाही. बाजार कसा आहे ते धायरी फाट्यावरच्या कोणालाही विचार. लोक घर बघतात, आवडतं, बायकोला आणून दाखवतात, आईला आणून दाखवतात आणि मग म्हणतात, "थोडं थांबतो." कोणाच्या कंपनीत माणसं कमी करतायत, कोणाला वाटतं रेट अजून उतरतील, कोणाला वाटतं व्याज अजून उतरेल. त्यांचं थांबणं खोटं नसतं. चाळीस लाखांचं कर्ज वीस वर्षं मानेवर घ्यायचं, तर माणूस दहा वेळा मागे फिरणारच. तूही फिरशील.

मला या कामात बारा वर्षं होतील आता. बाजार शांत, नीट, भरवशाचा आहे असं एकही वर्ष मला आठवत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा बंद झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ माझ्या दारात इसार पावती घेऊन उभे होते, व्यवहार थांबवा म्हणून. २०१७ च्या मे महिन्यापासून रेरा कायदा पूर्ण लागू झाला, तेव्हा निम्मे एजंट म्हणाले, आता धंदा संपला. २०२० च्या उन्हाळ्यात तर मी घरात बसून पापड लाटले. मग त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं, आणि दस्त नोंदवायला लोकांची झुंबड उडाली. ती झुंबड ओसरते न ओसरते तोच २०२२ मध्ये व्याजदर चढायला लागले. हे सगळं मी धायरीतच बसून पाहिलं. पण एक सांगू? जे एजंट गर्दीच्या महिन्यांत आले, ते गर्दीबरोबर गेलेही. मंदीत शिकलेले अजून फाट्यावर भेटतात.

तेव्हा या कोरड्या महिन्यांत काय करायचं ते सांगते. चाल. गाडीवरून नको, पायी. रायकर मळा, बेनकर वस्ती, गारमाळ, उंबऱ्या गणपती चौक, पारी कंपनीचा रस्ता, जुन्या घराण्यांचं धायरी गाव, तिथून वर धारेश्वराकडे. रोज एक पट्टा. आणि दोनशे पानी वही घे. प्रत्येक इमारतीला एक पान. सोसायटी नोंदवली आहे का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का की बिल्डरच्याच नावावर अडकलेय, भोगवटा पत्र आहे का, लिफ्ट एक की दोन, लाइट गेली तर लिफ्ट चालते का, पार्किंग कागदावर दिलंय की नुसतं तोंडी, पाणी कुठून येतं, टँकर किती वाजता येतो. वॉचमनला विचार, इस्त्रीवाल्याला विचार. इस्त्रीवाल्याला कोणत्या घरातले लोक बदलीवर चाललेत ते आपल्याआधी कळतं. माझ्याकडे अशा सात वह्या झाल्यात. माझी खरी पुंजी तीच आहे. दागिने मी एकदा गहाण ठेवले होते. वह्या कोणाला बघायलासुद्धा देत नाही. तुला देईन.

आता मूळ मुद्द्यावर येते. हे लिहायला माझा हात जड होतोय, पण तू हे माझ्याकडूनच ऐकलं पाहिजेस.

परवा तू म्हणालीस की कोणीतरी तुला दोन गुंठ्यांवरच्या इमारतीतले सहा फ्लॅट विकायला देतोय, फ्लॅटमागे लाखभर कमिशन देतो म्हणतोय. तुला ते देवाने पाठवल्यासारखं वाटलं. माझ्या छातीत धस्स झालं.

२०१५ साली मी अशीच नवी होते. तेव्हा धायरीचा बराचसा भाग महापालिकेत नव्हता. गावाचा उरलेला भाग २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये अकरा गावांच्या यादीतून पुणे महापालिकेत आला. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही मंडळी तर २०२१ च्या जूनअखेरीस आली. त्याआधी शेतजमिनीचे एकेक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून सर्रास विकले जायचे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर कडेला जागा न सोडता चार मजले चढवायचे, ग्रामपंचायतीची घरपट्टी लावून घ्यायची, लाइटचं मीटर घ्यायचं, झाली इमारत तयार. एका खिडकीतून हात काढला की दुसऱ्या इमारतीतल्या बाईला साखर देता येईल इतक्या त्या जवळ.

माझ्याकडे एक जोडपं आलं, माण तालुक्यातलं. तो कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, ती शिवणकाम करायची. कागद नीट असलेला वन बीएचके तेव्हा त्यांच्या आवाक्यात नव्हता. मी त्यांना सतरा लाखांचा दाखवला. बँकेने कर्ज नाकारलं. तिथेच मला कळायला हवं होतं. बँकेचा वकील कागद बघून मान हलवतो, तेव्हा तो आपल्या पार्टीला फुकटात सल्ला देत असतो. पण ज्याने इमारत बांधली तो म्हणाला, पतसंस्था देते की, आणि मीही तेच पुढे सांगितलं. चौदा टक्क्यांनी कर्ज झालं. मला चौतीस हजार मिळाले. माझी पहिली मोठी कमाई. आईला साडी घेतली त्यातून.

पुढे गाव महापालिकेत आलं आणि त्या इमारतीला नोटीस लागली, एमआरटीपी कायद्याच्या ५३ कलमाखाली, विनापरवाना बांधकाम म्हणून. ती दारावर चिकटवलेली नोटीस मी स्वतः वाचली. ती माझ्यासाठी नव्हती, पण वाचताना अंगाला घाम फुटला. इमारत अजून उभी आहे. ते दोघंही तिथेच राहतात. पण त्यांना ते घर विकता येत नाही, त्यावर कर्ज मिळत नाही, आणि महापालिकेची गाडी चौकात वळली की ती बाई मशीन थांबवून खिडकीशी येते. हे तिनेच मला सांगितलं, कसलाही राग न दाखवता. मी ते चौतीस हजार परत द्यायला गेले होते. तिने घेतले, मोजले, डब्यात ठेवले आणि म्हणाली, "बसा ताई, चहा ठेवते."

ती मला दर आठवड्याला भाजी घेताना भेटते. आजही भेटेल कदाचित.

म्हणून तुला सांगते, मोठ्या कंपनीचा सेल्समन बाणेरहून येतो, फ्लॅट विकतो, दोन वर्षांनी नोकरी बदलतो. आपण इथेच राहतो. आपण विकलेल्या घरासमोरून आपल्याला रोज जायचंय. दळण घेऊन जायचंय, पोरांना शाळेत सोडायला जायचंय, कोणी गेलं तर पांढरी साडी नेसून त्याच जिन्यावरून वर जायचंय. हे ओझं आहे आणि हीच आपली पतही आहे.

त्या माणसाने तुला सांगितलं असेल, "इथे रेरा लागतच नाही." त्याचं म्हणणं अर्धं खरं असतं, म्हणून माणूस फसतो. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर रेराची नोंदणी बंधनकारक नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. म्हणजे दोन गुंठ्यांवरच्या सगळ्या इमारती त्यातून सुटतात. पण रेराची नोंदणी लागत नाही, तरी बांधकामाचा मंजूर नकाशा लागतोच. परवानगी कोणी दिली, कोणत्या तारखेला दिली, किती मजल्यांना दिली, हे तीन प्रश्न विचार. गाव पालिकेत यायच्या आधीची इमारत असेल तर परवानगी पीएमआरडीएची किंवा त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांकडची असायला हवी. ग्रामपंचायतीचा शिक्का दाखवला तर हात जोडून बाहेर ये. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. कर तर विनापरवाना बांधकामालाही लागतो. दस्त नोंदवला गेला म्हणजे सगळं कायदेशीर झालं, असंही नाही. नोंदणी कार्यालय व्यवहार नोंदवतं, इमारतीच्या मजल्यांची परवानगी तपासायला तिथे कोणी बसलेलं नसतं. आणि आता तुकडेबंदी कायद्यात अडकलेल्या गुंठ्यांच्या जुन्या व्यवहारांना सरकारने मोकळीक द्यायचं ठरवल्यापासून हे लोक नवीनच बोलायला लागलेत, की "आता सगळं रेग्युलर होणार." जमिनीचा तुकडा नियमित झाला तरी त्यावरचे वाढीव मजले आपोआप नियमित होत नाहीत. हे तुझ्या पार्टीला कोणी सांगणार नाही. तू सांग.

लाखो रुपये जातील हातचे, मला माहितीये. तुझ्या घराचं भाडं थकलंय तेही माहितीये. भाड्याचं आपण दोघी मिळून बघू. पण ते सहा फ्लॅट तू हातात घ्यायचे नाहीस. एवढं एक मी हक्काने सांगतेय.

आता पाण्याचं. धायरीत घर विकायचं म्हणजे पाण्याचं बोलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. खडकवासला धरण आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि तरी मे महिन्यात आपल्या गल्लीत टँकरची रांग. गिऱ्हाईक घर बघायला येतं रविवारी सकाळी. नळ सोडून बघतं, पाणी येतं, खूश होतं. अगं, टाकी भरलेली असली की पाणी येणारच! तू सोसायटीच्या चेअरमनकडून मे महिन्यातलं टँकरचं बिल माग. महिन्याला किती टँकर, पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे काढतात. विकणारा नाखूश होईल, होऊ दे. बिल बघूनही ज्याने घर घेतलं, तो तुला पुढे कधी बोल लावणार नाही.

आणि जानेवारी २०२५ आठवतंय ना? जीबीएसची साथ. नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला, म्हणजे बरोबर आपला पट्टा. चालती बोलती माणसं हातापायातलं बळ जाऊन थेट अतिदक्षता विभागात. पाणी दूषित असल्याचा संशय, विहिरी, टँकर आणि पाण्याच्या जारचे प्लांट यांची तपासणी, रोज टीव्हीवर आपल्या गावाचं नाव. त्या दोन महिन्यांत माझ्या ठरलेल्या तीन व्हिजिट रद्द झाल्या. एकाने तर सरळ विचारलं, "ताई, तुम्ही स्वतः कोणतं पाणी पिता?" मला आधी वाईट वाटलं. मग मी त्याला घरी बोलावलं, आमच्या सोसायटीची टाकी दाखवली, कधी धुतली त्याची नोंद दाखवली, आणि पाणी उकळून पितो हेही सांगितलं. त्याने तेव्हा घर घेतलं नाही. पुढच्या दिवाळीत घेतलं, माझ्याकडूनच. तेव्हापासून माझ्या वहीत टाकी धुतल्याची तारीख हा रकाना वाढलाय.

रस्त्याचंही तसंच. रविवारी सकाळी नऊ वाजता फाट्यावरून आत यायला पाच मिनिटं लागतात. म्हणून मी पार्टीला दुसऱ्यांदा सोमवारी सकाळी साडेनऊला बोलावते. बाकीचे एजंट मला वेड्यात काढतात, चालत्या व्यवहाराला कोण असा पाय लावतं म्हणून. पण जो माणूस सोमवारची गर्दी बघून हो म्हणतो, त्याचा होकार पक्का असतो. सिंहगड रस्त्यावर राजाराम पुलाजवळचा उड्डाणपूल २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला, विठ्ठलवाडीकडून फन टाइमपर्यंतचा २०२५ च्या महाराष्ट्र दिनी. फरक पडलाय, तो जरूर सांग. खडकवासला ते खराडी मेट्रोला केंद्राने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी दिली, तेही सांग. पण "मेट्रो आली की रेट दुप्पट होणार" हे वाक्य तुझ्या तोंडून कधी निघायला नको. मंजुरी आणि धावती गाडी यांच्यात किती वर्षं जातात ते आपण पुणेकरांनी पाहिलंय. मेट्रोच्या भरवशावर आज ऐपतीबाहेरचं घर घ्यायला लावलंस, तर हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो.

हप्त्यावरून आठवलं. तू गणितात हुशार होतीस, त्याचा उपयोग इथे कर. येणाऱ्या माणसाला फ्लॅटची किंमत पाठ असते, पण हातात रोख किती लागेल ते कोणी नीट सांगितलेलं नसतं. पन्नास लाखांचा फ्लॅट धर. बँक फार तर ऐंशी टक्के देईल, चाळीस लाख. दहा लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत सात टक्के, साडेतीन लाख, नोंदणीचे तीस हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी पाच टक्के, अडीच लाख. म्हणजे दहा लाख जमवून आलेल्या माणसाला प्रत्यक्षात सव्वासोळा लाखांहून जास्त लागतात. हे सहा लाख मग कुठून येतात? बायकोच्या गळ्यातून, नाहीतर गावाकडचं शेत गहाण टाकून. हे आकडे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, पन्नास लाखांवर पन्नास हजार. हे सांगताना मला फार बरं वाटतं. दोन-तीन घरं निव्वळ या पन्नास हजारांपायी बाईच्या नावावर झाली, कारण काही का असेना. किंमत पंचेचाळीस लाखांच्या आत असेल आणि कार्पेट नव्वद चौरस मीटरच्या आत, तर जीएसटी एकच टक्का लागतो. सेहेचाळीसचा फ्लॅट आणि पंचेचाळीसचा फ्लॅट यात दिसायला एक लाखाचा फरक, पण खिशाला जवळजवळ तिप्पट. आणि ज्याला पूर्णत्वाचा दाखला मिळालाय अशा तयार घराला जीएसटी नाहीच.

व्याजाचंही एकदा समजावून सांग. चाळीस लाख, वीस वर्षं, सात टक्क्यांनी हप्ता साधारण एकतीस हजार. साडेनऊ टक्के झाले की सदतीस हजारांच्या वर. २०२२ च्या मे पासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो दर चारवरून साडेसहावर गेला, तेव्हा नुकतंच घर घेतलेल्यांची हीच गत झाली. बँकेने पुष्कळांचा हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली, आणि त्यांना वाटलं आपलं काही बिघडलं नाही. पण चाळीस लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच साडेएकतीस हजारांच्या पुढे जातं. म्हणजे तो एकतीस हजारांचा हप्ता मुद्दलाला शिवतही नव्हता. २०२५ मध्ये रेपो चार वेळा उतरून सव्वापाचवर आला. आज लोक त्या उतारावर खूश होऊन मोठं घर बघतात. तू त्यांना विचार, पुन्हा दोन टक्के वाढले तर घर चालेल का? चालणार असेल तर हेच घर घ्या. नाहीतर टू बीएचकेऐवजी वन बीएचके बघू, मी दाखवते. यात आपलं कमिशन कमी होतं, हो. पण हप्ता थकल्यामुळे तीन वर्षांत विकायला निघालेलं घर फोडणीच्या तेलाचा वास जायच्या आत रिकामं करताना मी बघितलंय. त्या मुलीने जाताना देवघराची फळी काढून नेली. ती भिंत डोळ्यांसमोरून जात नाही माझ्या.

विकणाऱ्यांबद्दल थोडंसंच. त्यांना शेजाऱ्याने सांगितलेला भाव खरा वाटतो. भांडू नकोस. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू बघता येतो, त्याच इमारतीतले गेल्या वर्षीचे दोन-तीन दस्त काढ आणि समोर ठेव. कागदावरचा आकडा बघून माणूस स्वतःच शांत होतो. एक निवृत्त काका आठ महिने आपल्या आकड्यावर अडून बसले होते. मी दर महिन्याला जाऊन त्यांना नवा दस्त दाखवायची, चहा प्यायची, यायची. नवव्या महिन्यात त्यांनीच फोन केला. आणि वारसांची चौकशी पहिल्या भेटीतच कर. घर वडिलांच्या नावावर असेल आणि वडील गेलेले असतील, तर बहिणींची सही लागते. "बहिणीचं काही नाही, ती देईल सही" असं भाऊ म्हणाला की तू त्या बहिणीला स्वतः फोन कर. तिला विचार. निम्म्या वेळा तिला घर विकायला काढलंय हेच माहीत नसतं. आपण दोघी बहिणी आहोत गं, आपणच हे नाही केलं तर कोण करणार?

टोकनचे पैसे कोणाकडून रोख स्वतःच्या हातात घेऊ नकोस. चेक, तोही थेट बिल्डरच्या किंवा विकणाऱ्याच्या नावाने. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही, बिल्डर कितीही घाई करू दे. जाहिरातीत प्रकल्पाचा रेरा नंबर आणि क्यूआर कोड हवाच, व्हॉट्सॲपवर टाकतेस त्या चित्रातसुद्धा. नोंदणी बंधनकारक असून नोंदणी न केलेल्या प्रकल्पाचं काम घेतलंस तर दंड दिवसाला दहा हजारांप्रमाणे मोजला जातो. परीक्षेत हे लिहिलंच असशील. आता जगून दाखवायचंय.

आणि बाई म्हणून दोन शब्द. रिकाम्या इमारतीत अनोळखी माणसाला एकटीने घर दाखवायला जायचं नाही. संध्याकाळी सहानंतर तर नाहीच. वॉचमनला किंवा शेजारच्या काकूंना बरोबर घे, कुठे चाललीस ते मला मेसेज कर, दार सताड उघडं ठेव. कोणी म्हणेल, एवढं कशाला? म्हणू दे. मागे एकाने मला गच्ची दाखवा म्हणून वर नेलं होतं. काही झालं नाही, पण तो जिना मी कसा उतरले ते माझं मला ठाऊक. ज्या पार्टीबद्दल पोटात कसंतरी होतं, ती पार्टी सोडून द्यायची. तिच्याकडून एक रुपयाही नको आपल्याला.

कमिशनची लाज मात्र बाळगू नकोस. किती घेणार ते पहिल्या दिवशी सांग आणि लिहून घे. आपल्याकडे "दलाल" म्हणताना लोकांचं तोंड वाकडं होतं, आणि बाई असली तर दस्त झाल्यावर पैसे द्यायला सगळ्यांनाच विसर पडतो. "ताई, घरचंच काम समजा की." नाही. तू सहा महिने उन्हातान्हात फिरलीस, चार वेळा नोंदणी कार्यालयात उभी राहिलीस, त्यांच्या आईला धरून चार मजले चढवलंस. तुझे पैसे स्पष्ट आणि गोड शब्दांत माग, आणि मिळेपर्यंत माग.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. या लाइनमध्ये यायला हवं होतं का? मला ते माहीत नाही गं. मला एवढं आठवतं की २०१९ च्या दसऱ्याला एका धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी माझ्याकडून वन बीएचके घेतला. मुलगा कुरिअरमध्ये होता. कागद सगळे स्वच्छ, बँकेचं कर्ज, भोगवटा पत्र हातात. चावी घेतल्यावर त्यांनी आधी सगळी दारं एकदा बंद करून पाहिली, एकेक करून, कडी लावून. मग मोरीचं दार पुन्हा एकदा. म्हणाल्या, "आतून कडी लागते." चाळीस वर्षं सार्वजनिक संडास वापरलेली बाई होती ती. मी तेव्हा खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. त्या इमारतीखालून मी अजूनही जाते, आणि त्यांच्या खिडकीत तुळशीची कुंडी आहे का ते बघते. असते.

तर उद्या सकाळी सव्वासहाला ये. उंबऱ्या गणपती चौकात थांब, मी पायीच येते. एका सोसायटीत रिसेलला टू बीएचके आलाय, मालक बदली होऊन नाशिकला चाललेत, चावी माझ्याकडे आहे. तो आपण दोघी मिळून करू, निम्मं कमिशन तुझं. सव्वासहाच का, तर तिथे पालिकेचं पाणी साडेसहाला सुटतं म्हणतात. किती वेळ येतं आणि वरच्या मजल्यापर्यंत चढतं का, ते आधी आपण बघू. वही आणि पेन आण, आणि चप्पल नको, बूट घालून ये, टाकीवर चढायचंय. येताना त्या दोन गुंठेवाल्याला नाही म्हणून फोन करून ये. जमत नसेल तर माझ्यासमोर कर, मी शेजारी उभी राहीन.